शेवटची सीट

(दुपार. शाळेमागच्या मोकळ्या जागेत शाळेची बस उभी आहे. मुलं वर्गात. बसमध्ये दोघंच: बस चालवणारा जावई आणि मुलांना चढवणारी-उतरवणारी त्याची सासू.)

जावई: आई, किल्ली द्या.

सासू: नाही देणार.

जावई: चेष्टा पुरे झाली. शाळा सुटायच्या आधी मला टायरमधली हवा बघायची आहे.

सासू: हवा बघायला किल्ली कशाला लागते? उतरा खाली आणि बघा. किल्ली माझ्या कमरेला आहे आणि तिथेच राहणार.

जावई: अहो, पण झालंय काय एवढं? सिग्नल हिरवा झाला, मला निघायला जरा उशीर झाला, मागच्यांनी हॉर्न वाजवले. रोज कुणाचं ना कुणाचं होतं तसं.

सासू: जरा? मी माझ्या जागेवरून उठले, दांडी धरत धरत पुढे आले, तुमच्या दंडाला चिमटा काढला, तेव्हा कुठे तुम्ही निघालात. माझ्या या गुडघ्यांनी चटकन उठता येतं का?

जावई: डोळे उघडे होते माझे.

सासू: उघडेच होते. म्हणून तर जास्त भ्याले. ती पुढच्या सीटवरची दोन वेण्यांची चिमुरडी काय म्हणाली, ऐकलंत? "आजी, काकांना हात लावू नका, ते स्टॅच्यू झालेत." सगळी पोरं हसली. मी पण हसले. हसता हसता दांडी आणखी घट्ट धरली.

जावई: गाडी उभी होती.

सासू: आज उभी होती.

जावई: बरं. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. झालं समाधान? मी काय मुद्दाम करतो? सव्वा वर्ष झालं. सगळं करून झालं. गरम दूध झालं, तळपायाला तेल चोळून झालं. मोबाइल कपाटात, कपाटाची किल्ली तुमच्या लेकीकडे. शंभरापासून उलटे आकडे म्हटले, तर शून्याला पोचून टक्क जागा. शेजाऱ्यांनी कसल्याशा बियांची उशी दिली, ती रात्रभर कानाशी कुरकुरत होती.

सासू: भुकेला कोंडा आणि निजेला...

जावई: धोंडा! आणाच तो धोंडा एकदा, डोक्यात घालून घेतो. जो येतो तो मला धोंडा ऐकवतो. ज्याला पडल्या पडल्या घोरता येतं, त्याने मला झोपेचं शहाणपण शिकवू नये.

सासू: मी कधी घोरले?

जावई: तुम्ही नाही, तुमची लेक. मी छताकडे बघत पडलेला आणि शेजारी हिचं सुरू. राग येतो हो मला. बायको झोपते म्हणून राग! कुणाला सांगायची सोय आहे का?

सासू: तिलाही येतो. जेवणं उरकली की घरात कुणी बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही, पोरीने दप्तर घेऊन स्वयंपाकघरात बसायचं. परवा मला म्हणाली, "आई, घरात कुणीतरी मरणाला टेकलंय असे वावरतो आम्ही."

जावई: लवकर आडवं झालं तर तेवढी जास्त मिळेल, म्हणून करतो. हौस नाही मला.

सासू: मग मिळाली?

जावई: कूस बदलतो. घड्याळ बघतो. आत्ता लागली तर इतके तास मिळतील, आता लागली तर इतके. कमी कमीच होत जातात. पहाटे जराशी पेंग येते आणि गजर ओरडतो.

सासू: त्या दिवसापासून.

जावई: तो दिवस काढू नका.

सासू: काढते ना. गजर ऐकू आला नाही तुम्हाला, आणि मुलं थंडीत रस्त्यावर कुडकुडत राहिली. मी फाटकापाशी उभी. बसच्या मालकीण मॅडमनी झापलं तुम्हाला सगळ्यांसमोर.

जावई: झापलं? "आणखी एकदा झालं तर घरी बसा," म्हणाल्या. आता पाठ टेकली की तेच वाक्य कानात. झोप लागली आणि जाग नाही आली तर? मग वाटतं, नकोच लागायला. मग वाटतं, नाही लागली तर उद्या गाडी कशी चालवू? आगीतून निघायचं आणि फुफाट्यात पडायचं, रोज.

सासू: डॉक्टर काय म्हणाले?

जावई: तुमच्या लेकीने सांगितलं असेलच.

सासू: तुमच्या तोंडून ऐकायचंय.

जावई: झोप आल्याशिवाय पलंगावर जायचं नाही. नाही लागली तर लोळत राहायचं नाही, उठून दुसऱ्या खोलीत बसायचं. सुट्टी असली तरी उठायचं रोज एकाच वेळी. आणि दिवसा झोपायचं नाही. म्हणजे काय, तर झोप येत नसेल तर झोपू नका! फी देऊन हे ऐकून आलो. ते तर मी फुकट करतोय.

सासू: दिवसा झोपता का, असं विचारलं त्यांनी?

जावई: विचारलं. म्हटलं, दिवसा कामावर असतो.

सासू: आणि ही शेवटची सीट?

जावई: तिचं काय?

सासू: मुलं शाळेत गेली की शाळा सुटेपर्यंत तिच्यावर लांब होऊन कोण पडतं? मी?

जावई: ती काय झोप आहे? डुलकी ती.

सासू: डुलकी! परवा मैदानात कवायतीचे ढोल बडवत होते, तुमची पापणी हलली नाही.

जावई: अहो, तेवढीच तर मिळते! ती पण घ्या काढून. तिच्यावर तर जगतोय मी. इथे पडलो की झोपेत कसा जातो ते कळत नाही. घड्याळ नाही, गजर नाही, उठवायला तुम्ही आहात. बसा म्हणावं त्या डॉक्टरला माझ्या जागी.

सासू: हो ना, मी आहे. तिथेच तर माती खाल्ली मी. कौतुकाने खिडक्यांना पडदे शिवले. घरून उशी आणली. माळीबुवांना सांगितलं, इकडे गवत कापायचं यंत्र आणू नका, आमचे जावई झोपलेत. आजार म्हशीला आणि औषध पखालीला!

जावई: आता यात पखाल कुठून आली?

सासू: सांगते. तुमची बायको तान्ही होती तेव्हा खांद्यावरच झोपायची. पाळणा होता, मऊ गादी होती, पण खाली ठेवलं की टाहो. तिच्या लेखी झोपायची जागा म्हणजे माझा खांदा. खांद्याला लागली की मान टाकायची. मग दुकानात असो, लग्नात असो.

जावई: असेल. मी काय तान्हा आहे?

सासू: अंगाला वय कळत नाही. तुमच्या अंगाला ही बस म्हणजे खांदा झालाय. पलंग दिसला की काळजी, बस दिसली की झोप. रोज दुपारी तुम्ही आणि मी मिळून हेच शिकवलंय त्याला. आता सांगा, सकाळी सिग्नलला तुम्ही कुठे होतात? पलंगावर?

जावई: काहीतरीच तुमचं.

सासू: कुठे होतात?

जावई: गाडीत. स्टिअरिंगवर.

सासू: याच गाडीत. तोच वास, तीच घरघर. डॉक्टरांना ही सीट सांगितली असती, तर त्यांनी तेव्हाच ओरडून सांगितलं असतं.

जावई: आई...

सासू: काय?

जावई: आजचं पहिल्यांदा नाही.

सासू: म्हणजे?

जावई: मागच्या आठवड्यात पुलावर. पूल लागला एवढं आठवतं. मग एकदम पेट्रोल पंप. मधलं काही नाही. पूल मी कसा उतरलो, मला माहीत नाही.

सासू: मुलं होती?

जावई: गाडी भरलेली होती. गाणं म्हणत होती सगळी.

सासू: आणि मी? मी कुठे होते?

जावई: तुम्ही टाळ्या वाजवत होतात.

सासू: फोन लाव.

जावई: कुणाला?

सासू: मॅडमना. बदली ड्रायव्हर पाठवा म्हण.

जावई: आई, झाकली मूठ राहू द्या. शनिवारपासून सुट्टी लागतेय. तेवढं ओढतो. सुट्टीत डॉक्टर म्हणतील तसं करतो, तुम्ही म्हणाल तसं करतो. आत्ता फोन केला तर सरळ घरी. तुमच्या शब्दावर मला ठेवलंय इथे, तुमच्यावरही येईल.

सासू: येऊ दे.

जावई: तुमच्या लेकीला काय सांगू?

सासू: तिला मी सांगते. अरे, ती दोन वेण्यांची पोर उतरताना रोज मला टाटा करायला मागे वळते, पायरी बघत नाही. मी तिचा हात सोडत नाही. एवढ्याशा पायरीला जपायचं आणि सगळा रस्ता झोपेत न्यायचं? लाव. नाहीतर मी लावते. मला हळू बोलता येत नाही, अख्ख्या शाळेला ऐकू जाईल.

जावई: लावतो... हॅलो, मॅडम.

सासू: मला ऐकू येऊ दे. स्पीकर लाव.

मॅडम: बोला. बस बंद पडली का?

जावई: नाही मॅडम, बस ठीक आहे. मी ठीक नाही. दुपारच्या फेरीला दुसरा ड्रायव्हर पाठवा.

मॅडम: ऐन वेळी कुठून आणू? ताप आहे का? गोळी घ्या, एवढी फेरी मारा. उद्या रजा देते.

जावई: किल्ली सासूबाईंनी ठेवून घेतलीय.

मॅडम: काय?

जावई: मॅडम, सकाळी सिग्नलला मला झोप लागली. मुलं गाडीत होती. मागच्या आठवड्यात पुलावर पण तसंच झालं. मला रात्री झोप येत नाही. खूप महिने झाले. मी कुणाला बोललो नाही.

मॅडम: मुलं नीट आहेत ना?

जावई: हो. सगळी वर्गात आहेत.

मॅडम: किल्लीला हात लावू नका. आपल्या मेकॅनिककडे बसचं लायसन आहे, त्याला पाठवते. शाळेला कळवते उशीर होईल म्हणून. डॉक्टर लिहून देईपर्यंत तुम्ही स्टिअरिंगला बसायचं नाही.

जावई: आणि नंतर?

मॅडम: नंतरचं आत्ता विचारू नका. मला भयंकर राग आलाय आणि रागात मी काही ठरवत नाही. पुलावर झालं त्याच दिवशी का नाही सांगितलंत?

जावई: तुम्ही म्हणाला होतात, आणखी एकदा झालं तर घरी बसा.

मॅडम: ते उशिरासाठी म्हणाले होते हो! मुलं ताटकळली म्हणून. मेली असती तर... जाऊ दे. उद्या येऊन भेटा. सासूबाईंना सांगा, किल्ली फक्त मेकॅनिकच्या हातात. ठेवते.

सासू: ऐकलं मी.

जावई: झालं तुमच्या मनासारखं?

सासू: माझ्या मनासारखं काय आहे यात?

जावई: लोक म्हणतात, बोललं की मोकळं वाटतं. मला काही मोकळं वाटत नाही. चीड येतेय. तुमची, त्या मॅडमची, त्या डॉक्टरची. कुत्री झोपतात हो रस्त्यात! भिकारी झोपतो. मला एकट्यालाच का नाही? काय वाकडं केलंय मी झोपेचं?

सासू: चिडा. चिडलेला माणूस जागा तरी राहतो.

जावई: आणि तुमची लेक? ती कशी उतरली खांद्यावरून?

सासू: ठेवली खाली. घर डोक्यावर घेतलं तिने. माझ्या सासूबाई म्हणाल्या, आई आहेस की वैरीण? मी पाळण्याला टेकून बसून राहिले, पण उचललं नाही. आधी ती रडली, मग आम्ही दोघी रडलो. पुढे कधीतरी झोपायला लागली. लगेच नाही हं. लगेच होतं असं मी म्हणणार नाही.

जावई: म्हणजे आता माझी रडायची पाळी.

सासू: आता ते पडदे काढा. आधी तो टोकाचा. उशी मी घरी नेते. आज जेवण झालं की पलंगाकडे फिरकायचं नाही. भांडी वाजू देत, पोरीला बाहेर बसून अभ्यास करू दे, तुम्ही तिच्याशी बोलत बसा. मान पडायला लागली की मगच आत. आणि भिंतीवरचं घड्याळ उतरवा. गजर पण नको. पहाटे मी फोन करीन.

जावई: पहाटे? कामावर कुठे जायचंय मला?

सासू: तरी करीन. सुट्टीतही करीन. इथे मी उठवायला असते म्हणून झोपता ना? मग घरीही उठवणार. ते ओझं आता तुमचं नाही.

जावई: आणि तुम्हाला जाग नाही आली तर?

सासू: म्हातारीला जाग येत नाही होय! झोप येत नाही ही तक्रार आमच्या वयाची. तुम्ही आधीच ढापलीत.

जावई: हा पडदा निघत नाही. काय शिवलाय हो, दोरखंडाने?

सासू: चांगलं टिकावं म्हणून शिवला होता. ओढा जोरात. हं. बघा, किती ऊन आलं.

जावई: आई, आत्ता येतेय हो. खरंच. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय. मेकॅनिक येईपर्यंत नुसता टेकतो.

सासू: नाही.

जावई: आडवा नाही होत. बसतो फक्त.

सासू: बसायचं पण नाही. चल, खाली उतर. बाहेर उन्हात उभा राहा.

जावई: उभ्या उभ्या कोसळेन मी.

सासू: नाही कोसळू देणार. हात दे इकडे. पायरी बघ.

जावई: तुम्ही कशाला उतरताय? गुडघे दुखतात ना तुमचे. बसा आत.

सासू: तू उभा आहेस ना? मग मी पण उभी.