भिंतीवरचा हसरा फोटो

मिसिसिपीकाठच्या आमच्या गावात अपंगांना नोकरी लागेपर्यंत त्यांच्या कॉलेजचा खर्च सरकार ज्या कचेरीतून देतं, तिथे मी बसले होते. समोरच्या बाकावर एक म्हातारी आणि पांढरी काठी घेतलेला एक अंध मुलगा.

"कशाला आलास रे?"

"फी अचानक बंद केलीय, काकू. शेवटचं वर्ष राहिलंय, मग मी शिक्षक होणार."

"चांगलं खडसावून विचार! तोवर मी तुला भिंत वाचून दाखवते. 'आमचे यशस्वी उमेदवार' म्हणे. फोटोच फोटो. अगंबाई, एक तर हुबेहूब तुझ्यासारखा!"

"माझ्यासारखा?"

"तेच लाल केस, हनुवटीवर तोच वण. हिरवा एप्रन घालून गिऱ्हाइकाच्या पिशवीत पाव भरतोय. नाव काय तुझं?"

"ऑरिन टेलफर."

"अरे देवा!"

"काकू? काय झालं?"

"तूच आहेस रे! खाली लिहिलंय, 'ऑरिन टेलफर. किराणा दुकानात नोकरीला लागला. पुनर्वसन पूर्ण.'"

"पूर्ण? अहो, ते सुट्टीतलं काम होतं!"

"मग फोटोत एवढा हसतोयस कशाला?"

"इथल्याच साहेबांनी काढला तो. म्हणाले, छान हस, फी मंजूर करणाऱ्यांना दाखवायचाय."