दोन किल्ल्यांचं गोदाम

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या सोसायटीच्या सचिव माननीय वृंदाताई, उल्हासनगरहून दोन रिक्षा बदलून वेळेआधी पोहोचलेले आणि म्हणून तासभर आमची वाट पाहत बसलेले प्रमुख पाहुणे श्री. हरेशभाई, व्यासपीठावरची मधली खुर्ची मिळूनही तिच्या कडेला टेकलेले सत्कारमूर्ती श्री. रामभाऊ उबाळे, त्यांची कन्या चि. मैत्रेयी, अंबरनाथच्या कारखान्यातले त्यांचे सहकारी, बेलवलीतले सुजाण बंधुभगिनी, आणि चहाची किटली घेऊन दारात उभ्या असलेल्या, मी कधी थांबतो याकडे डोळे लावून बसलेल्या आमच्या गयाबाई,

सर्वप्रथम मला एक तक्रार नोंदवायची आहे. शुभप्रसंगी नको ते बोलू नये हे मला कळतं, पण विषय गंभीर आहे. आपल्या सर्वांच्या हातात जी निमंत्रणपत्रिका आहे, तिच्यावर सोनेरी अक्षरांत छापलं आहे, ‘द्रवपदार्थ उद्योगातील प्रदीर्घ सेवेबद्दल’. आता द्रवपदार्थ म्हणजे काय? दूध द्रवपदार्थ आहे. रॉकेल आहे. गयाबाईंचा चहाही, काही दिवस सोडले तर, द्रवपदार्थच आहे. मघाशी दारात दोन पाहुण्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की रामभाऊ कुठल्या डेअरीत होते. वृंदाताईंची अडचण मी समजू शकतो. पत्रिका लहान मुलांच्या हाती पडते. तेव्हा छापलं नाही ते मी तोंडी सांगतो. रामभाऊ दारूच्या कारखान्यात होते. ब्लेंडर होते, म्हणजे मिश्रण करून दारूचा वास-चव जुळवणारे. बघा, बोललो, आणि सभागृहाचं छप्पर जागेवर आहे.

मी पेशाने बातमीदार. ठाण्याच्या एका दैनिकाला अंबरनाथ-बदलापूरच्या बातम्या पाठवतो. त्याआधी काही वर्षं संस्कृत शिकलो, आणि त्या शिक्षणाचा उपयोग पाणीटंचाईची बातमी लिहिताना कधीच झाला नाही. झाला तो फक्त रामभाऊंच्या गॅलरीत. आमच्या गॅलऱ्या एकमेकींना लागून आहेत, मध्ये कमरेएवढी भिंत. संध्याकाळी ते कारखान्यातून आले, हातपाय धुतले, की भिंतीच्या पलीकडे उभे राहत. मी माझं ज्ञान पाजळायचो आणि ते ऐकून घ्यायचे. असा श्रोता ज्याला मिळाला त्यालाच त्याची किंमत कळते.

मी म्हणायचो, रामभाऊ, तुमच्या कारखान्यावर बसलेलं एक्साइज खातं काही इंग्रजांनी आणलेलं नाही. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे सुराध्यक्ष नावाचा अधिकारी होता, दारू कोणी गाळावी, कुठे विकावी, यावर देखरेख ठेवणारा. ते म्हणायचे, हो का, मग तोही जेवायच्या वेळेलाच तपासणीला यायचा का? मी सांगायचो, दारू गाळणाऱ्याला संस्कृतात शौण्डिक म्हणतात, आणि शुण्डा म्हणजे हत्तीची सोंड. भट्टीच्या मडक्याला जी वाकडी नळी असते, ती सोंडेसारखी दिसते म्हणून हे नाव पडलं असावं. हे त्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन त्यांनी दारू गाळायच्या स्टेनलेस स्टीलच्या उंच मनोऱ्याकडे पाहिलं आणि मला येऊन सांगितलं, बातमीदार, आमच्या हत्तीची मान वर आहे, सोंड नाही.

तेही मला शिकवायचे. बाटलीवर बेचाळीस पूर्णांक आठ टक्के असा चमत्कारिक आकडा का असतो? सरळ चाळीस का नाही? तर पूर्वी विलायतेत दारूचा कस बघायला ती बंदुकीच्या दारूवर ओतत आणि काडी लावत, असं सांगतात. पेटली तर माल खरा. त्या पेटण्याच्या कसाला शंभर धरलं, त्यात आल्कोहोल निघालं सत्तावन्न टक्के, आणि त्याचा पाऊण भाग घेतला की हा आकडा येतो. साहेब गेला, त्याची मोजपट्टी राहिली. आता अंबरनाथ म्हणजे आयुध कारखान्याचं गाव. दोन्ही प्रकारच्या दारूंचा असा जुना संबंध आहे हे इथे बसलेल्या किती जणांना ठाऊक होतं? आणि अर्क हा शब्द? तो मूळ अरबी, अर्थ घाम. आल्कोहोल हाही अरबीच, आणि तो आला डोळ्यांत घालायच्या सुरम्यावरून. आपल्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं जवळ बाळगण्यावर इंग्रजांनी खास कायदा केला होता. झाडाखाली पडलेलं फूल उचललं तरी सरकारला घाम फुटत असे. आणि आपल्या राज्यात आजही पिणाऱ्याने परवाना घ्यायचा असतो, कशासाठी, तर आरोग्य राखण्यासाठी. या सभागृहात किती जण परवान्याशिवाय आरोग्य राखतात, हे मी विचारणार नाही. हरेशभाई, आपण वर पंख्याकडे पाहू नका.

हरेशभाईंचा उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये खोक्यांचा कारखाना आहे, आणि रामभाऊंच्या कंपनीला खोकी तेच पुरवत. मघाशी ते मला म्हणाले, “साईं, खोका हमारा, माल कंपनी का, पण नाक रामभाऊंचं. वो नाक गया तो बाकी सब पॅकिंग है.”

त्या नाकाची गोष्ट सांगायला हवी. रामभाऊंनी उभी नोकरी दारूत काढली आणि एक थेंब घशाखाली जाऊ दिला नाही. तळहातावर चार थेंब घ्यायचे, हात चोळायचे, ओंजळ नाकाशी धरायची. झालं काम. कारण सकाळी घरातून निघताना ते आणि त्यांच्या पत्नी जनाबाई पंचशील घेत, आणि पाचवं शील मद्याविषयीच आहे. विहारात कोणीतरी त्यांना टोमणा मारला होता, “उबाळे, तुमचं पाचवं शील नाकातून गळतं.” रामभाऊ म्हणाले, “नाकाला शील नसतं. असतं तर आधी तुमची अगरबत्ती विझवावी लागली असती.” जनाबाई मात्र ते आले की त्यांचा शर्ट चिमटीत धरून थेट बादलीत टाकत. इतक्या वर्षांत त्यांनी त्या वासाची तक्रार केली नाही आणि तो शर्ट घरात फिरूही दिला नाही.

आता कारखान्यातली एक रीत सांगतो, कारण तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. स्पिरिटच्या गोदामाला दोन कुलपं असतात. एकाची किल्ली एक्साइजच्या साहेबाकडे, दुसऱ्याची कंपनीकडे, म्हणजे आमच्या रामभाऊंकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. साहेब रजेवर असेल तर बदली साहेब येईपर्यंत सगळा कारखाना दाराबाहेर उभा. एकट्याने उघडायचं नाही. मग आत आग लागली तर, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, तरी दुसऱ्याला हाक मारायची आणि मग पळायचं.

जनाबाई गेल्या त्याला आता दीड वर्ष होईल. दुपारी, घरी एकट्या असताना गेल्या. रामभाऊ संध्याकाळी कामावरून आले, बेल वाजवली, आणि मग आपल्या किल्लीने दार उघडलं. यापेक्षा जास्त मी सांगणार नाही.

त्यानंतर महिन्याभरात एका संध्याकाळी त्यांनी भिंतीवरून हात लांब केला. हातात त्यांच्या घराची किल्ली. म्हणाले, “एक तुमच्याकडे असू द्या. आणि तुमची मला द्या. स्पिरिटला दोन किल्ल्या ठेवतात, माणसाला एकच का?” मी दिली. मी एकटा राहतो. का, ते ऐकायला आपण इथे जमलेलो नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मी न्हाणीघरात घसरून पडलो. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला. पाय हलेना, आवाज फुटेना. संध्याकाळ झाली. दाराबाहेर रामभाऊंच्या चपला थांबल्याचं मला ऐकू आलं. किल्ल्या वाजल्या. मनात म्हटलं, सुटलो. पण दार उघडेना. माणूस बाहेर उभा आहे, हातात किल्ली आहे, आणि काहीच होत नाही. शेवटी हाताला लागलेल्या तांब्याने मी बादली बडवली.

“बातमीदार, आहात ना?”

मी कसाबसा म्हणालो, “आहे. पडलोय. उघडा.”

पलीकडे किल्ल्या पुन्हा वाजल्या. मग ते म्हणाले, “एकट्याने उघडायचं नसतं.”

“अहो, तुम्ही बाहेर, मी आत. दोघे झालो की.”

यावर त्यांनी विचार केला. खरंच केला, मला तो ऐकू येत होता. मग म्हणाले, “तुम्ही आतले. आतला तो माल. माल साक्षीला चालत नाही.”

सज्जनहो, न्यायशास्त्र मीही वाचलं आहे, पण मोडलेल्या पायाने वाद घालायची सोय त्यात नाही. नशीब, तेवढ्यात आपल्या गयाबाई जिन्यावरून वर येत होत्या. त्यांनी काय पाहिलं असेल? एक गृहस्थ किल्ली हातात घेऊन बंद दाराशी बोलतोय आणि आतून बादली वाजतेय. त्यांचं वाक्य मी जसंच्या तसं सांगतो. “ओ भाऊ, आतमधी मानूस हाय, पिंप नाय. उघडा आधी.” साक्षीदार मिळाला. दार उघडलं.

आपण हसलात, मीही हसलो. पायाला प्लास्टर घालून पडलो होतो तेव्हा येईल त्याला हीच गोष्ट सांगत होतो. रामभाऊ रोज डबा घेऊन यायचे आणि कोपऱ्यात बसून ती ऐकायचे. एक दिवस दुसरं कोणी नव्हतं. मी त्यांना विचारलं की माझं काही बिनसलंय हे तुम्हाला कळलं तरी कसं. ते म्हणाले, संध्याकाळी तुमची फोडणी करपल्याचा वास येतो, त्या दिवशी आला नाही. मी म्हटलं, धन्य ते नाक, फक्त त्याला नियम कमी शिकवायला हवे होते.

तेव्हा ते डब्याचं झाकण लावत म्हणाले, “तुम्ही बादली वाजवायच्या आधी मी उभा होतो ते नियमामुळे नव्हे. जनाच्या वेळी मी एकट्याने उघडलं होतं.”

हे मी आज बोलणार नव्हतो. रामभाऊ, आपण मान खाली घालू नका. आपल्याला विचारून बोलायला हवं होतं.

असो. कारखान्यात पिंपं भरून ठेवतात, तोंड बंद, वर सील. वर्षाने उघडलं तर पातळी खाली गेलेली असते. कोणी प्यायलेलं नसतं, कुठे गळती नसते. थंड देशात दारू थोडी उडून जाते, आपल्या उकाड्यात बरीच. विलायतेत त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात, आणि आपलं खातं त्याला नुसतं घट म्हणतं. मला खात्याचा शब्द जास्त प्रामाणिक वाटतो. बदलापूरची वस्ती झपाट्याने वाढते आहे, ही बातमी मीच निदान चार वेळा दिली आहे. इकडे वांगणीपर्यंत नव्या इमारती उभ्या राहताहेत. आमच्या जिन्यात मात्र, सील शाबूत असताना, ओळखीची माणसं कमी होत चालली आहेत. कोणी मुलाकडे गेलं, कोणी जागा विकून गावी. आता रामभाऊ.

मैत्रेयी त्यांना बडोद्याला नेते आहे. सगळी हयात दारूच्या वासावर काढलेला माणूस दारूबंदीच्या राज्यात राहायला चालला आहे. हा विनोद मी केलेला नाही, तो परिस्थितीने केला आहे. मैत्रेयी, तू त्यांना नेतेस ते योग्यच करतेस. परवा तू मला म्हणालीस, काका, तुम्ही सांगितलंत तर बाबा थांबतील. म्हणून मी सांगितलं नाही. तिकडे त्यांना नात आहे, तिला ओंजळीत धरून हुंगायला एक खास आजोबा मिळतील. फक्त त्यांना घरात एकट्याने कुठलंही बंद दार उघडायला लावू नकोस. एवढं पाळ.

समारोप करतो, किटलीतला द्रवपदार्थ निवतो आहे. सोसायटीच्या मंडळाने मला बोलायला उभं केलं हा त्यांचा मोठेपणा, आणि आपण मला बसवलं नाहीत हा आपला. हरेशभाईंनी आणलेल्या खोक्यांत रामभाऊंचं सामान बांधून झालं आहे, त्याबद्दल त्यांचे वेगळे आभार. बोलण्याच्या ओघात ज्यांच्या भावना दुखावल्या असतील त्यांनी, आणि विशेषतः वृंदाताईंनी, मला मोठ्या मनाने पदरात घ्यावं.

एवढं म्हणून बसायचं ठरवून आलो होतो. पण रविवारी रामभाऊंनी भिंतीवरून माझी किल्ली परत दिली. दोऱ्यात ओवलेली, पुसून लख्ख केलेली. त्यांची जागा विकली गेली, नवे लोक कुलूप बदलतील, म्हणजे त्यांची किल्ली आता कशाचीच नाही. माझी मात्र आत्ता या खिशात आहे. गेले चार दिवस मी ती घेऊन हिंडतो आहे. या गावातला प्रत्येक नगरसेवक मला ओळखतो, प्रत्येक रिक्षावाला हात करतो. पण ही किल्ली कोणाच्या हातात द्यावी, ते मला समजत नाही. मला त्याचीच काळजी वाटते आहे.