निळ्याचा कोपरा

—नाही, तिथे नका बसू, निवृत्तीराव, तो तांदळाचा डबा आहे. इकडे खुर्चीवर या. आणि या पसाऱ्याकडे पाहू नका. मुंग्या झाल्या होत्या म्हणून स्वयंपाकघरातली मांडणी रिकामी करून सगळे डबे बाहेर काढलेत, एवढंच. लावीन सावकाश. काचेवर टिचकी मारू नका, कृपा करा. प्रत्येक पाहुण्याला माशांच्या टाकीपाशी आल्यावर टिचकीच का मारावीशी वाटते, मला कळत नाही—तुमच्या भिंतीवर कोणी मुसळ घेऊन ठोकत बसलं तर चालेल तुम्हाला?

तुम्ही कशाला आलात ते मला ठाऊक आहे. पिंपळगाव राजाहून बस बदलत मेहकरपर्यंत कोणी मासे पाहायला येत नाही. तुमची राखी माहेरी जाऊन महिना होत आला, आमचे चिरंजीव विहंगराव बसस्टँडच्या मागे भाड्याची खोली पाहून आलेत, आणि तुम्हाला विचारायचंय की मुलगी या घरात पाठवायची की त्या खोलीत. विचाराल. चहा होऊ द्या आधी.

मासे? मासे विहंगनेच आणले, दुसरं कोण आणणार. बँकेत लोकांच्या सह्या जुळवतो, पण मासे जुळवताना नुसता रंग पाहतो. आधी एक ऑस्कर आणला, चांगला तळहाताएवढा, आणि त्याच्या सोबतीला रुपयाएवढे दोन एंजल. का, तर शोभतात. शोभले—दुसऱ्या दिवशी सकाळी ऑस्कर एकटाच शोभत होता. मग मी वाचलं. मी जुनी मॅट्रिक आहे, निवृत्तीराव. जे पाळायचं ते वाचून पाळावं, एवढं आमच्या शाळेने शिकवलं होतं. या सगळ्या माशांचं सिक्लिड हे नाव एक, पण आतली कुळं निराळी. ऑस्कर-एंजलला मऊ पाणी लागतं, आणि आमचं हे बोअरचं पाणी—किटलीच्या तळाशी पांढरा थर धरतं ते. या पाण्यात सुखाने राहतात ते आफ्रिकेतल्या तळ्यातले. दगडांच्या कपारीत राहायचं, शेवाळ खायचं, असे. तेव्हा ऑस्कर गेला परत आणि हे निळे-पिवळे आले. तो मोठा निळा दिसतो ना? सगळ्यांत जुना तो. मोठ्या दगडामागचा कोपरा त्याचा, आणि ते बाकीच्यांना मान्य होतं. सगळं कसं शिस्तीत चाललं होतं.

त्यात ही पांढरी आली. मला न विचारता आली. खामगावच्या दुकानदाराने विहंगच्या गळ्यात मारली, मी फोन करून जाब विचारला तर मलाच सांगतो, "काकू, सारे एकाच तळ्यातले हायेत, काऊन भांडतीन?" एकाच तळ्यातले म्हणे. एकाच गावातली माणसं भांडत नाहीत, हे या गृहस्थाने कुठे पाहिलं? माशांचं दुकान टाकायला हल्ली टाकी आणि जीभ एवढं पुरतं, असं दिसतं.

निळा काय करायचा? काही नाही. चावायचा नाही, अंगावर जायचा नाही—ती जिथे टेकेल तिथे जाऊन उभा राहायचा, बस. ती उठून दुसऱ्या दगडाशी गेली की हा तिथे. दिवसभर तेच. तिने खाणं सोडलं, शेपटीची कड झडली, शेवटी मी तिला बादलीत काढून ठेवली. विहंग म्हणाला, निळा दुष्ट आहे, देऊन टाकू. दुष्ट कसला? सगळा जन्म त्याने त्या दगडामागे काढला. हिला आणू का म्हणून त्याला कोणी विचारलं होतं?

हसू नका. मी माशांविषयी बोलतेय.

राखीचं काय? राखीला मी काही बोलले का, तिलाच विचारा. लग्नापासून आजवर वाकडा शब्द नाही. आमच्याकडे तिखटाचा डबा वरच्या फळीवर असतो, पहिल्यापासून. तिने तो खाली घेतला—"आई, मले वर हात पुरत नाई." बरं. मी काय केलं? डबा उचलला आणि वर ठेवला. भांडले नाही. दुसऱ्या दिवशी तिने खाली घेतला, मी वर ठेवला. मग पोह्यांचा, मग साखरेचा. तुम्ही लग्नात दिलेला तो मिक्सर, तो तर मी चांगल्या फडक्यात बांधून माळ्यावर ठेवला, धूळ बसू नये म्हणून. याला कोणी छळ म्हणेल? बोलाचाली नाही, आदळआपट नाही. आणि जाताना ही पोरगी दारात उभी राहून मला म्हणते, "आई, या घरात मले डबा ठेवाले बी जागा नाई." एवढं मोठं घर, निवृत्तीराव, आणि म्हणते जागा—

काही नाही. तुम्ही चहा घ्या, निवतोय.

तर मी त्या पांढरीचं सांगत होते. तिला नुसती परत सोडली असती तर पुन्हा तेच झालं असतं. याला एकच उपाय लिहिलाय, आणि तो बरोबर आहे: जुन्याला हाकलायचं नाही, नवीला दटावायचं नाही, टाकीतले सगळे दगड बाहेर काढायचे. सगळे. धुऊन पुन्हा लावायचे ते निराळ्याच ठिकाणी, दिवा बंद ठेवायचा आणि मग तिला सोडायचं. जुन्याला काही ओळखू येत नाही, तेव्हा तोही नव्यासारखाच जागा शोधत फिरतो, त्याला पहारा करायला सवडच राहत नाही. रविवारी मी कोपरापर्यंत हात बुडवून केलं हे, या वयात, कोणाची मदत न घेता. आता पाहा. पांढरी कोपऱ्यात, आणि निळा त्या चपट्या दगडाखाली. बावरला होता बिचारा. खाल्लं नाही त्याने आधी. मग भूक लागली, खाल्लं.

काय म्हणालात? डब्यांवर एकही मुंगी दिसत नाही? तुमची नजर फार बारीक आहे, निवृत्तीराव; शेतात कापसावरची कीड पाहायला ठेवा ती.

नसतील मुंग्या, तर नसतील. चहा संपवा, बस चुकेल तुमची. आणि राखीला सांगा, मांडणी रिकामी आहे, पुसून कोरडी केलीय. मिक्सर माळ्यावरून खाली आलाय. डबे मी लावणार नाही. तिने लावावेत, तिचा हात पुरेल तिथे. मला थोडे दिवस काही सापडणार नाही, मी कपाटं उघडत फिरेन, तेव्हा मला कोणी वाटा दाखवायच्या नाहीत आणि त्यावर हसायचंही नाही—एवढी अट सांगा. खोलीवाल्याला विहंग आपला नकार कळवेल. आणि हे मी म्हणाले असं तिला म्हणू नका. मुंग्या झाल्या होत्या, असंच सांगा.

निघा आता. दार हळू ओढून घ्या, निळा अजून दचकतो.