रकाना नववा

रत्नाकर : नाही ना दीदी, ही फाइल आता चालणार नाही. सरकारी इलाजाचं कार्ड तुमच्या पिताजींचं, बाबारावजींचं होतं. ते गेले, कार्ड बंद. कार्ड बंद, तर मशीनची मंजुरीही बंद.

इंदू : पण मशीन माझ्यासाठी होतं, रत्नाकर. झोपेत श्वास माझा अडतो. नानांचा नाही.

रत्नाकर : हो, पण तुम्ही त्यांच्या कार्डावर होतात ना, आश्रित मुलगी म्हणून. आता तुमचं स्वतःचं कार्ड निघालं. नवा नंबर, नई फाइल.

इंदू : मंजुरीचं पत्र मंगळवारी आलं. शुक्रवारी नाना गेले. दुकानवाला सोमवारी मशीन घेऊन दारात उभा होता. घरात माणसं बसलेली पाहिली आणि परत घेऊन गेला.

रत्नाकर : समजून राहिलो मी, दीदी. गन कॅरेज फॅक्टरीत माझे पिताजी त्यांच्याच हाताखाली होते. म्हणून तर तुम्हाला आत बसवलं, खिडकीत उभं नाही केलं. पाहा, तारा लावून झोपायची तपासणी झाली आहे, ती चालेल. डॉक्टरचं पत्र तुम्ही नवं आणलं. त्यांनी तर साफ लिहिलंय, हृदयावर ताण आहे, देर नका करू. बस, हा नववा रकाना तेवढा राहिला.

इंदू : ‘रुग्णाच्या खोलीत झोपणाऱ्या व्यक्तीचं निवेदन.’ ते आहे की जुन्या फाइलमध्ये. नानांनी लिहिलेलं.

रत्नाकर : आहे ना. मराठीत लिहिलं होतं त्यांनी! साहेबांना मीच वाचून दाखवलं. थांबा... हे. ‘माझी मुलगी इंदू हिचा श्वास रात्री थांबतो. मी आकडे मोजतो. कधी वीस होतात, कधी पंचवीस. मग मी काठीने तिच्या पलंगावर तीनदा ठोकतो. श्वास परत येतो. असं अकरा वर्षांपासून आहे.’ खाली सही. अकरा साल! मग आधीच काहून नाही अर्ज केला, दीदी?

इंदू : मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला झोप येत नाही म्हणून काठी वाजवतात.

रत्नाकर : अच्छा.

इंदू : हाच कागद काढून नव्या फाइलला लाव ना.

रत्नाकर : निवेदन देणारा हयात पाहिजे. तारीखही चालू पाहिजे. आता कोण झोपतं तुमच्या खोलीत?

इंदू : कोणी नाही.

रत्नाकर : म्हणजे घरात?

इंदू : घरातही कोणी नाही.

रत्नाकर : मग असं करा, कोणाचीही सही आणा. शेजारीपाजारी कोणी तरी असेल. कोण पाहायला येतं?

इंदू : त्यांनी मोजून लिहिलं होतं, रत्नाकर. त्या कागदाच्या जागी खोटा कागद नाही लावायचा मला.

रत्नाकर : तर मग खरोखरच कोणाला एक रात्र झोपायला बोलवा. झोपायला म्हणजे, जागायला. पण पंधरा तारखेच्या आत आणा, दीदी. साहेबांची बदली होऊन राहिली. नवीन साहेब आले की पुन्हा पहिल्यापासून.

इंदू : विचारते कोणाला तरी.

रत्नाकर : आहे ना कोणी?

इंदू : आठवून पाहते.

(दोन दिवसांनी, सकाळी. घमापुरात इंदूचं स्वयंपाकघर. शेजारच्या राधाबाई रात्री मुक्कामाला आल्या होत्या.)

राधाबाई : मले उठवलं काहून नाही तू? सात वाजून गेले, बाप्पा!

इंदू : गाढ झोपला होतात, काकू. चहा घ्या.

राधाबाई : चहा काय घ्या! मी तुले पाहायले आली होती का झोपायले? रात्रभर जागीन म्हणून थर्मास भरून आणला होता.

इंदू : तोच गरम करून दिलाय.

राधाबाई : हास तू, हास. नानाजींच्या खाटेवर जराशी पाठ टेकली, अन् गेली. अशी झोप मले नऊ वर्षांत नाही लागली. हे गेले तेव्हापासून नाही. आण तो कागद. काय लिहू? पंचवीस लिहू?

इंदू : तुम्ही पाहिलं नाही ना काही.

राधाबाई : पाहायचं काय त्यात? घोरतेस तं तू. भिंतीपलीकडून ऐकू येते मले.

इंदू : घोरण्याचं नाही विचारलं त्यांनी. थांबण्याचं विचारलंय.

राधाबाई : मग तेही थांबलंच असंल कधीतरी.

इंदू : नाही. काल मी झोपलेच नाही.

राधाबाई : हाव? काहून? मी घोरली का?

इंदू : थोडं.

राधाबाई : थोडं कायचं! हे म्हणत, राधे, तुझ्यापुढं आमचं मालगाडीचं इंजिन मुकं. मले वाटे, थट्टा करून राहिले. हलवायचं ना मले, पोरी.

इंदू : नको वाटलं. चार महिन्यांनी त्या खाटेवरून कोणाचा तरी आवाज येत होता. पडून ऐकत होते. मग एकदम बंद झाला.

राधाबाई : घोरणं?

इंदू : घोरणं. श्वासही.

राधाबाई : चल! काहीही सांगते.

इंदू : मी उठून बसले. मोजायला कधी लागले, ते कळलं नाही. नानांची काठी खाटेच्या पायाशी तशीच टेकलेली आहे. ती घेतली.

राधाबाई : थांब. तू वाजवत होती का ते? मले सपन पडलं, हे रात्रपाळीहून आले अन् दार वाजवून राहिले. ते असंच वाजवत, तीनदा. पोरं उठू नाही म्हणून हळूच. मी म्हटलं, आली, आली.

इंदू : म्हणालात तुम्ही. मोठ्याने.

राधाबाई : अन् मग? उघडलं का मी दार?

इंदू : कूस बदललीत.

राधाबाई : ...किती वेळा झालं असं?

इंदू : सात.

राधाबाई : नऊ वर्षं एकटी झोपून राहिली मी त्या घरात. कोण सांगणार होतं मले?

इंदू : तुमचं रेल्वेचं कार्ड आहे ना. तुमचीही तपासणी करून घेऊ. असला रकाना आला तर मी भरीन. मी पाहिलंय.

राधाबाई : अन् तुझा? तो कोण भरणार? नाही, मी आज पुन्हा येते. दुपारी झोप काढून घेते. फक्त खाटेवर नको बसवू मले, माझा भरोसा नाही.

इंदू : खुर्ची ठेवते. पाठ नसलेली.

राधाबाई : अन् काठी जवळ दे. किती मोजल्यावर ठोकायचं? नानाजी किती मोजत?

इंदू : त्यांनी पंचवीस लिहिलंय. मला बावीसच्या पुढे नाही जाता आलं.

राधाबाई : भ्याली?

इंदू : बावीस व्हायला फार वेळ लागतो, काकू.

राधाबाई : अन् ते रोज मोजत. एका शब्दानं बोलले नाही कधी आमच्याजवळ.

इंदू : माझ्याजवळही नाही. उलट मीच रोज सकाळी रागवायचे, काठीने झोपमोड करता म्हणून. म्हणायचे, नाना, तुम्हाला तरी लागते का झोप?

राधाबाई : मग?

इंदू : नाना म्हणायचे, छान लागली.