कप्तानाची खुर्ची

तोकुनागा : पाचव्यांदा पुसताय ते खेळणं. बाई यायच्या आत झिजवून टाकाल, सेगावा-सान.

सेगावा : किती वाजता येणार आहेत त्या?

तोकुनागा : अडीचला. दहा मिनिटं आहेत. आणि चेहरा असा का? चांद्रतळ बोलतोय, दार उघडतंय, खुर्चीत बसवला की प्रत्येक बाहुला ओळखतोय. आपल्या या खेळण्यांच्या दवाखान्यातून इतका जुना पेशंट आजवर धड घरी गेला नव्हता.

सेगावा : त्यांचं कार्ड वाचलंत तुम्ही?

तोकुनागा : मी कशाला वाचू? मी बाहुल्यांचे हात शिवते. चांद्रतळाचे डॉक्टर तुम्ही.

सेगावा : मी आज सकाळी वाचलं. तीन आठवड्यांपूर्वी वाचायला हवं होतं. पण डबा उघडला आणि भानच राहिलं नाही. असे दोन तळ माझ्या कपाटात आहेत, दोन्ही मुके. हा बोलेल असं वाटलं, आणि मी तो घरी घेऊन गेलो.

तोकुनागा : बरं, मग काय आहे कार्डावर?

सेगावा : 'कसं मोडलं' या रकान्यात लिहिलंय त्यांनी. वाचतो. 'मी सहा वर्षांची असताना मोठ्या भावाच्या तळावर उभी राहिले. तेव्हापासून कप्तानाची खुर्ची बंद आहे. चौदा तारखेला भावाच्या मृत्यूनंतरचा एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी आहे. त्याच्या फोटोपुढे हा चालू करून ठेवायचा आहे आणि माफी मागायची आहे.'

तोकुनागा : चौदा म्हणजे उद्याच. मग मागू दे की माफी. खुर्ची चालू झालीय ना?

सेगावा : त्यांनी मोडलीच नव्हती ती.

तोकुनागा : तुम्हाला काय माहीत?

सेगावा : खालची पाटी उघडली तर आतल्या बाजूला पेनाने लिहिलेलं होतं. लहान मुलाचं अक्षर, त्यांच्या भावाचं. 'कप्तानाची खुर्ची मी मोडली. पेन्सिल घालून. फुमीने नाही. उद्या आईला सांगीन. शूइची.'

तोकुनागा : अगंबाई. मग माफी कसली मागायची? ती पाटी दाखवा त्यांना, झालं.

सेगावा : पुसली मी.

तोकुनागा : काय पुसलंत?

सेगावा : सगळं. आधी स्पिरिटने, मग औषधात बुडवून तीन दिवस उन्हात ठेवली. पिवळेपणा गेला, अक्षरंही गेली. आता नव्यासारखी पांढरी आहे.

तोकुनागा : न वाचता पुसलंत?

सेगावा : वाचून. वाचलं, आणि म्हटलं, आतूनही डाग आहे. आम्हा जमवणाऱ्यांना ती खोडच असते. खेळण्यावर मुलाचं नाव दिसलं की हात आपोआप बाटलीकडे जातो. पस्तीस वर्षं हेच करत आलोय.

तोकुनागा : फोटो तरी काढला असेल.

सेगावा : पुसून झाल्यावर काढला.

तोकुनागा : ऐका माझं. गप्प बसा. पुरावा नाही. माणूस गेलेला आहे, उद्या घरचे सगळे जमणार, आणि आज तुम्ही सांगणार की तुमचा भाऊ खोटारडा होता? तळ चालू करून मागितला, चालू करून दिला. कार्डावर सही घ्या आणि पाठवा घरी.

सेगावा : मग त्या उद्या फोटोपुढे डोकं टेकवतील. न केलेल्या गोष्टीसाठी. आणि ते मला एकट्याला माहीत असेल.

तोकुनागा : दोघांना. मला कशाला सांगितलंत हो?

(दार सरकतं. फुमिए आत येते, हातात तळ बांधून न्यायला घडी केलेलं कापड.)

फुमिए : लवकर आले का मी? माफ करा हं. अरे, हा आमचाच? किती पांढरा झालाय. कप्तानाला बसवून बघू?

सेगावा : बघा. टाच खाचेत नीट बसू द्या.

फुमिए : बोलला. डॉक्टर, हा आवाज मी सत्तेचाळीस वर्षांनी ऐकतेय. दादाला किती... नाही, रडत नाही मी. कितीही आभार मानले तरी कमीच. सही कुठे करायची?

तोकुनागा : इथे, खाली.

सेगावा : सही करू नका. आधी माझं ऐका.

तोकुनागा : सेगावा-सान.

सेगावा : खुर्ची तुमच्या वजनाने मोडली नव्हती. आतली पट्टी पेन्सिल घुसवल्यामुळे तुटली होती. तुमच्या दादांनी तसं आत लिहून ठेवलं होतं. फुमीने नाही, मी मोडली, असं. उद्या आईला सांगीन, असंही होतं.

फुमिए : कुठे लिहिलंय?

सेगावा : इथे होतं. मी ते पुसलं. डाग समजून.

फुमिए : मी उभी राहिले होते याच्यावर. मला आठवतंय.

सेगावा : राहिला असाल. वर कुठेही तडा नाही. हवं तर तुटलेली पट्टी दाखवतो, पण तिच्यावरून तुमची खात्री पटेल असं मी म्हणत नाही. माझ्याकडे फक्त माझा शब्द आहे.

फुमिए : माझं दुःख हलकं व्हावं म्हणून सांगताय का तुम्ही?

सेगावा : तसं असतं तर पुसल्याचं सांगितलं नसतं.

तोकुनागा : ते खरं बोलताहेत, बाई. मीच त्यांना गप्प राहा म्हणत होते.

फुमिए : पुसायला नको होतं तुम्ही.

सेगावा : हो.

फुमिए : त्याचं एवढंसं अक्षरही आमच्याकडे उरलेलं नाही. पुसायला नको होतं.

सेगावा : हो.

फुमिए : दर नवीन वर्षाला सगळे जमले की काका हमखास म्हणायचे, फुमीपासून चंद्र लांब ठेवा. सगळे हसायचे. दादा हसायचा नाही. मला वाटायचं, अजून राग आहे त्याच्या मनात. मग तो त्याच्या डब्यातली कोळंबी उचलून माझ्या डब्यात ठेवायचा. न बोलता. दर वर्षी. लग्नानंतरसुद्धा. वहिनीला सांगायचा, मला नाही आवडत.

तोकुनागा : आवडायची?

फुमिए : हॉस्पिटलात शेवटी त्याने तीच मागितली. तेव्हा मला आश्चर्य वाटलं होतं.

सेगावा : बसा ना जरा. पाणी आणू?

फुमिए : नको. कागद आहे का? त्याने काय लिहिलं होतं ते पहिल्यापासून सांगा. एकही शब्द तुमचा नको.