दोन वर्षांनी धाकटा दादा

...अहो, लस राहिली बाजूलाच! एकतीस वर्षं, तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं मी त्या ग्वाक दोक्बेला 'दादा' म्हणत आलो! मासळीच्या लिलावात पहिल्याच दिवशी यानं विचारलं, "काय रे, जन्म कधीचा?" म्हटलं, "बावन्नचा." "मी पन्नासचा!" झालं! आमच्या कोरियन भाषेत समोरच्याचं वय कळल्याशिवाय वाक्य संपवताच येत नाही हो, मान सगळा क्रियापदाच्या शेपटीत! तेव्हापासून तो मला "जेवलास का", मी त्याला "जेवलात का". मान राखायला दारू ओतायची ती दोन्ही हातांनी, प्यायची ती तोंड फिरवून... सगळा घोळ त्या शेपटीचा!

आणि गेल्या महिन्यात इथं गुनसानच्या दवाखान्यात लसीला गेलो, तर नर्सबाई ओरडल्या, "बावन्नपर्यंतचे या रांगेत, त्यापुढचे त्या!" मी इकडे, आणि दादा... तिकडे! म्हटलं, "अहो दादा, चुकलात, इकडे या." तर म्हणतो, "इथं गर्दी कमी आहे रे." मी हातातला कागदच ओढला. चौपन्न!

बाहेर येऊन काय म्हणावं यानं? "नोंद उशिरा झाली. तेव्हा पोर जगेल याचा भरवसा कुठं होता?" आता हे आमच्या पिढीत घरोघरी झालंय, खोटं कसं म्हणू? म्हणून त्याच्या मोक्पोच्या ताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "दोक्बे ना? सकाळी जन्मला, दुपारी बाबांनी नोंदवला! चार पोरींच्या पाठीवर झालेला, थांबतायत कशाला!"

म्हटलं, "आता तू मला दादा म्हण!" त्याचं तोंड पार उतरलं. म्हणाला, "तू केवढा आडदांड दिसायचास रे... भ्यायलो होतो, म्हणून चार वर्षं वाढवून सांगितली." पण दादा म्हणेना. तीन आठवडे अबोला! बुद्धिबळाचा पट मांडून मी एकटाच दोन्हीकडून खेळतोय आणि हरतोय!

शेवटी आला परवा, हातात मासा घेऊन.

"मासा."

"ताजा?"

"सकाळचा."

"आत."

बायको म्हणाली, "तार करताय का एकमेकांना?" अहो, तिला काय कळणार! "या" म्हणावं की "ये"? क्रियापदच गाळलं, प्रश्न मिटला! सगळा घोळ त्या शेपटीचा!

छान चाललं होतं हो. काल त्यानं डोळ्यांदेखत माझी सोंगटी सरकवली. ताडकन उठलो, बोट रोखलं, तोंड उघडलं... आणि काय सांगू, भांडायलासुद्धा क्रियापद लागतं!

बसलो परत.