दर तारखेला दौंड

शिरूरच्या एसटी स्टँडवर माझ्या शेजारी एक व्याही-विहीण बसले होते, केंदूरचे कोंडिबा आणि दौंडच्या तुळजाबाई. कोंडिबांचा मुलगा सत्यजीत आणि तुळजाबाईंची मुलगी करिश्मा वर्षभर वेगळे राहत होते. त्यांची सहा वर्षांची मुलगी राजनंदिनी आईजवळ दौंडला होती.

“हितल्या कोर्टानं पोरीच्या ताब्याचा अर्ज परत दिला म्हंजी आम्ही हरलो न्हाई, ईनबाई. पोरगी कुणाकडं राहणार ते अजून ठरायचंय.”

“व्हय. पण ते आता दौंडच्या कोर्टात ठरंल.”

“का म्हून? बाप हितला, घर हितलं, रेशनकार्डावर तिचं नाव हितलं.”

“तुमच्या रेशनकार्डावर मेलेला चुलता बी हाय. लेकरू कुठं राहतंय, ते कोर्ट बघतं. तुमच्या मिशा कुठं राहतात ते न्हाई.”

“म्हंजी आता दर तारखेला मी दौंडला यायचं?”

“या की. कोर्टाच्या मागंच आमचं घर हाय. जेवून जात जा.”

“तुमच्या हातचं?”

“माझ्या हातचं. राजनंदिनी वाढंल.”



“वर्ष झालं तिला बघून. वळखंल का मला?”

“वळखंल. शाळंत आजोबाचं चित्र काढाया सांगितलं, तर तुमचंच काढलं. लई वंगाळ दिसताय त्यात.”

“कुठं हाय ते?”

“भिंतीवर लावलंय तिनं. मी उतरवत हुते, तर रडली.”

कोंडिबांनी खिशातून मोबाईल काढला.

“वकीलसाहेब, दौंडला अर्ज उद्याच टाका. आन् तारखा कितीबी पडू द्या, माझी ना न्हाई.”